टाळी एका हाताने वाजत नाही, असं म्हणणाऱ्या सर आणि बाईंना

सर्व वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांना,

सप्रेम नमस्कार.

अकरा वर्षांची असताना सकाळी हजेरी सुरू झाली की माझ्या तळहातांना घाम फुटायचा. मी अडखळत बोलायचे. एरवी एखादा शब्द अडला तर त्याच अर्थाचा दुसरा शोधून मी वेळ निभावून न्यायचे, पण आमच्या वर्गात 'हजर'च म्हणावं लागे आणि तो 'ह' माझ्या घशातून सुटायचा नाही. माझं नाव जवळ आलं की मागच्या बाकांवरून सुरू व्हायचं, बाईंना ऐकू जाईल न जाईल इतक्या हळू: ह-ह-ह-ह. बाई मान वर न करता म्हणायच्या, "शांत बसा," आणि पुढचं नाव घ्यायच्या. ते 'शांत बसा' सगळ्या वर्गाला असायचं. त्यात मीही आले.

मधल्या सुट्टीत माझी पाण्याची बाटली एका मुलीच्या हातात असायची. तिनं दिलेलं वाक्य न अडखळता म्हटलं तर बाटली परत, असा नियम होता. वाक्य रोज नवं असायचं आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मला अडणाऱ्या अक्षरानं सुरू व्हायचा. माझी अडणारी अक्षरं त्या मुलीला माझ्या शिक्षकांपेक्षा जास्त नीट माहीत होती. भोवती सात-आठ जणी गोल करून उभ्या राहायच्या. घंटा झाली की बाटली कुठेतरी टाकून सगळ्या पळायच्या.

पाच महिन्यांनी मी बाईंना सांगितलं. सांगितलं म्हणजे चिठ्ठी लिहिली, कारण तोंडानं ते जमणार नव्हतं. कितीदा तरी लिहून फाडली. शेवटी तपासायला द्यायच्या वहीत घालून दिली. बाई वाईट नव्हत्या, हे मी मनापासून सांगते. त्यांनी चिठ्ठी त्याच दिवशी वाचली, आम्हा दोघींना बोलावलं, शेजारी शेजारी उभं केलं आणि मला म्हणाल्या, "हं, आता सांग काय झालं ते."

जे मला येत नव्हतं म्हणून माझा छळ होत होता, नेमकं तेच करून दाखवलं तर मला न्याय मिळणार होता. माझा पहिलाच शब्द अडला. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मग बाईंनी तिला विचारलं आणि ती घडाघडा बोलली. "बाई, आम्ही नुसती मस्करी करतो. ही पण करते. हिलाच लगेच रडू येतं." बाईंनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाल्या, "टाळी एका हातानं वाजत नाही. चला, हात मिळवा. पुन्हा माझ्याकडे तक्रार नको."

आम्ही हात मिळवले. त्यानंतर शाळेतल्या कोणत्याही मोठ्या माणसाला मी काहीही सांगितलं नाही. घरीही नाही. बाटलीचा खेळ बंद झाला नाही, फक्त मैदानातून जिन्याखाली गेला.

आज मी मोठी आहे, माझी मुलगी शाळेत जाते, आणि ती म्हण मला अजूनही शाळांमधून ऐकू येते. म्हणून हे पत्र.

ती म्हण भांडणासाठी ठीक आहे. दोन सारख्या ताकदीची मुलं पेन्सिलीवरून, खेळातल्या आउटवरून भांडली, तर दोघांचं थोडं थोडं चुकलेलं असतं. दोघांना समोर बसवा, दोघांचं ऐका, हात मिळवायला लावा. पण छळ म्हणजे मोठं झालेलं भांडण नव्हे. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिला वेगळं ओळखण्याची खूण निदान चाळीस-पन्नास वर्षांपासून माहीत आहे. नॉर्वेत काम करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांनी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या: समोरच्याला त्रास व्हावा असा हेतू, तेच पुन्हा पुन्हा घडणं, आणि दोघांच्या ताकदीत फरक. तिसरी खूण सगळ्यांत महत्त्वाची आणि शिक्षकांच्या नजरेतून सगळ्यांत जास्त निसटणारी आहे. कारण ताकद म्हणजे फक्त दंड नव्हे. ज्याच्यामागे पाच जण उभे आहेत तो ताकदवान. ज्याला पटकन उत्तर सुचतं, जो शिक्षकांचा लाडका आहे, ज्याच्याकडे दुसऱ्याचं गुपित आहे किंवा फोनमधला फोटो आहे, तोही ताकदवान. किरकोळ अंगाची, अभ्यासात पहिली येणारी, सगळ्या बाईंना आवडणारी मुलगी एखाद्या धिप्पाड मुलाचं वर्गात बसणं अशक्य करून टाकू शकते. टाळीला दोन हात लागतात. थप्पड एका हातानं मारता येते.

अशा दोन मुलांना समोरासमोर उभं केलं की ताकदीतला तो फरक तुमच्या खोलीतही तसाच येतो. जो दुबळा आहे त्याला त्याचा छळ करणाऱ्याच्या डोळ्यांत बघून साक्ष द्यावी लागते, आणि संध्याकाळी त्याच्याच बरोबर घरी चालत जायचं असतं. तो गप्प बसतो किंवा "काही नाही, आम्ही खेळत होतो" म्हणतो. मग तुम्हाला वाटतं, बघा, एवढं काही नव्हतंच. हा प्रसंग मी नंतर इतक्या जणांकडून ऐकलाय की माझी गोष्ट मला एकटीची वाटेनाशी झाली आहे.

तुमच्यासमोर येऊन सांगणं हे त्या मुलानं आजवर केलेलं बहुधा सर्वांत अवघड काम असतं. येण्याआधी त्यानं मनात हिशेब केलेला असतो: सांगितलं तर 'चहाडखोर' ठरेन, नाही सांगितलं तर हेच चालू राहील. या दोन्हींमध्ये त्यानं तुमच्यावर विश्वास टाकला. त्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत तुम्ही काय करता, त्यावर तो पुढे कधी कोणाला काही सांगेल की नाही हे ठरतं. म्हणून माझी पहिली विनंती त्या मिनिटांबद्दल आहे.

हातातलं काम बाजूला ठेवा. आत्ता शक्य नसेल तर "मधल्या सुट्टीत मी तुला स्वतः बोलवायला येते" असं सांगा, आणि खरंच जा. त्याला एकट्याला बसवून ऐका. "तू काय केलं होतंस?" हा प्रश्न पहिला विचारू नका. "सांगितलंस ते बरं केलंस" हे आधी म्हणा. वाक्य साधं आहे, पण मला ते कोणी म्हटलं असतं तर माझी पुढची तीन वर्षं वेगळी गेली असती. कुठे, कधी, कोण कोण होतं, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि खाली तारीख टाका. आठवणीवर विसंबू नका, कारण छळाचा एकेक प्रसंग सुटा पाहिला तर नेहमी क्षुल्लकच दिसतो. बाटली लपवली, हसले, बाकावर जागा दिली नाही. सोमवारपासून शनिवारपर्यंतच्या नोंदी एकाखाली एक आल्या की मग त्यांचा आकार दिसतो. "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. त्याऐवजी आता पुढे काय करणार, कोणाशी बोलणार आणि त्याच्याशी पुन्हा कधी बोलणार ते सांगा. आणि तो दिवस चुकवू नका. आठवड्यानं विचारा. महिन्यानं पुन्हा विचारा. छळ बंद झाला असं सगळ्यात आधी मोठी माणसंच जाहीर करतात. त्या मुलाला विचारल्याशिवाय ते ठरवता येत नाही.

आणखी एक. त्रास सोसणाऱ्या मुलाचा बाक, तुकडी किंवा खेळाची वेळ बदलून प्रश्न मिटवू नका. तुम्हाला तो मार्ग सोपा वाटतो. त्याला मात्र त्यातून एवढंच कळतं की हलायचं ते आपणच, म्हणजे चूकही आपलीच. त्यानं स्वतःहून मागितलं तर गोष्ट वेगळी.

तुमच्यातल्या काहींना वाटत असेल, आमच्या नजरेत येतं तेव्हा आम्ही थांबवतोच. मलाही तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण कॅनडात डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग या दोन संशोधिकांनी मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन लावून आणि लांबून कॅमेरे रोखून शाळेचं मैदान तासन्‌तास टिपलं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मैदानावरच्या छळाच्या प्रसंगांपैकी जेमतेम ४ टक्के प्रसंगांत मोठ्या माणसांनी हस्तक्षेप केल्याचं दिसलं. एकेक प्रसंग सरासरी मिनिटभरही चालत नव्हता. शिक्षक बेफिकीर होते असा याचा अर्थ मी लावत नाही. हा प्रकार मोठ्यांची पाठ वळण्याची वाट बघतो आणि चटकन उरकतो, हे मला त्यातून कळतं. म्हणून पाहिलं नाही म्हणजे घडलं नाही, असं धरून चालू नका. मुलांना कागद देऊन शाळेचा नकाशा काढायला सांगा आणि जिथे भीती वाटते तिथे फुली मारायला सांगा. नाव लिहायला लावू नका. जिना, स्वच्छतागृहाचा दरवाजा, बसची मागची रांग, मैदानाचा भिंतीकडचा कोपरा. एका तासात तुम्हाला कळेल सुट्टीत कोणी कुठे उभं राहायचं ते.

त्याच अभ्यासमालेतली दुसरी गोष्ट मला जास्त आशा देते. ८५ टक्के प्रसंगांत इतर मुलं या ना त्या रीतीनं सामील होती, निदान बघत तरी होती. आणि २००१ च्या एका निरीक्षणात दिसलं की बघणाऱ्यांपैकी कोणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के वेळा, दहा सेकंदांच्या आत छळ थांबला. मध्ये पडणारे फार थोडे होते, इतकंच. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये या बघणाऱ्यांचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांच्या मांडणीत छळ करणारा आणि सोसणारा एवढे दोघेच नाहीत. हाताखाली मदत करणारे आहेत, हसून चढवणारे आहेत, बाजूला सरकणारे आहेत आणि बचावाला उभे राहणारेही आहेत. पुढे याच विचारावर त्या देशातल्या शाळांसाठी मोठा कार्यक्रम उभा राहिला.

माझ्या गोलातल्या त्या सात-आठ जणींबद्दल मी खूप विचार केलाय. त्यांच्यातल्या बहुतेकींना मजा येत नव्हती. चेहऱ्यांवरून कळायचं. हसलं नाही तर उद्या आपला नंबर, ही भीती होती. मला हे इतक्या खात्रीनं सांगता येतं, कारण पुढच्या वर्षी वर्गात एक नवा मुलगा आला, जाड चष्म्याचा, आणि सगळा मोर्चा त्याच्याकडे वळला. त्याचा चष्मा एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता तेव्हा मी हसले होते. मोठ्यानं हसले होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं. सुटल्याचं ते हसू होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

आणि एक मुलगी अशीही होती की जी कधी भांडली नाही, तक्रार केली नाही, पण एक दिवस न बोलता आपलं दप्तर उचलून माझ्या बाकावर येऊन बसली. त्या वर्षात शाळेत माझ्यासाठी कोणी केलेली ती एकमेव गोष्ट. म्हणून मुलांना "धीट व्हा, आवाज उठवा" एवढंच सांगू नका. ते सगळ्यांना जमत नाही, आणि दादागिरी करणाऱ्याला एकट्यानं अडवायला जाणं धोक्याचंही असतं. शेजारी जाऊन बसता येतं. "चल, आपण तिकडे जाऊ" म्हणून त्याला तिथून काढता येतं. न हसता येतं. शिक्षकांना सांगता येतं, आणि सांगणं म्हणजे चहाडी नाही हे तुम्ही वर्गात शंभरदा बोललं पाहिजे. कोणाला अडचणीत आणायला सांगणं आणि कोणाला अडचणीतून काढायला सांगणं, यातला फरक सहा वर्षांच्या मुलालाही कळतो.

आता बाटली घेणाऱ्या त्या मुलीबद्दल. तिचा मी बराच काळ द्वेष केला. आता करत नाही. तीही अकरा वर्षांचीच होती आणि तिला कोणीही थांबवलं नाही, हा तिच्यावरचाही अन्याय होता. मुलांनी केलेला छळ उघड झाला की अनेकदा मोठी माणसं दुसऱ्या टोकाला जातात. सगळ्यांसमोर उभं करतात, अपमान करतात, आईवडिलांना बोलावून त्यांच्यादेखत खरडपट्टी काढतात, थेट शाळेतून काढायच्या गोष्टी करतात. यातून मूल एकच शिकतं: ज्याच्या हातात सत्ता तो दुसऱ्याला खाली दाखवतो. हे तर त्याला आधीच येत होतं. त्याला एकट्याला बोलवा. "का केलंस?" विचारलं की सबबी मिळतात. काय घडलं ते आम्हाला माहीत आहे, ते इथे चालणार नाही, आजपासून थांबायला हवं आणि मी रोज लक्ष ठेवणार आहे, असं आवाज न चढवता सांगा. झालेलं नुकसान भरून द्यायला लावा. आणि मग त्याचंही ऐका. जी मुलं स्वतः छळ सोसतात आणि दुसऱ्यांचाही करतात, त्यांची मोठेपणी मानसिक अवस्था सर्वांत वाईट असल्याचं दीर्घकाळच्या अभ्यासांत दिसलं आहे. शाळेत सिंह असलेल्या मुलाला घरी कोणापुढे ससा व्हावं लागत असेल, तर ते पहिल्यांदा तुमच्याच लक्षात येऊ शकतं.

पालकांना मी फार सांगत नाही, मीही त्यांच्यातलीच आहे. फक्त "दुर्लक्ष कर" आणि "तूही एक ठेवून दे" ही आपली दोन ठेवणीतली उत्तरं सोडून द्यायला हवीत. दोन्हींचा अर्थ एकच होतो, की हे तुझं तू निस्तर. फोनवरच्या छळाबद्दलही एवढंच, की मूल सांगायला आलं तर शिक्षा म्हणून फोन काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणार नाही. मेसेज पुसण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा.

"आम्हीही लहानपणी हे सोसलं, काही बिघडलं नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." हेही मी शिक्षकांच्या तोंडून ऐकलंय. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. त्यातल्या ७,७७१ जणांची माहिती २०१४ मध्ये मांडली गेली. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांचा वारंवार छळ झाल्याचं त्यांच्या पालकांनी सांगितलं होतं, त्यांच्यात पन्नाशीच्या उंबरठ्यावरही नैराश्य आणि चिंता जास्त आढळली, मैत्र कमी आढळलं. चाळीस वर्षं. मूर्तिकार दगडावर घाव घालतो तेव्हा त्याच्या मनात मूर्ती असते. जिन्याखाली माझी बाटली धरून उभ्या असलेल्या मुलीच्या मनात माझी कोणतीही मूर्ती नव्हती.

हे थांबवता येतं का? पूर्ण नाही, पण बरंच. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत १० ते १४ वर्षांच्या तीन मुलांनी आपलं आयुष्य संपवलं. सोबत्यांनी केलेला छळ हेच त्यामागचं कारण असावं असं दिसत होतं. तो देश हादरला. पुढच्याच वर्षी तिथल्या शिक्षण खात्यानं देशभर मोहीम काढली, आणि ओल्वेउस यांनी बर्गनमधल्या ४२ शाळांतल्या सुमारे अडीच हजार मुलांवर नजर ठेवली तेव्हा दोन वर्षांत छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. सगळीकडे इतकं यश मिळालं नाही. मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अशा कार्यक्रमांचा आढावा घेतला, तेव्हा घट सरासरी पाचव्या हिश्शाची निघाली. पण जिथे सुट्टीत नीट लक्ष ठेवलं गेलं, पालकांना सामील करून घेतलं गेलं आणि काम एका भाषणावर न संपता महिनोन्‌महिने चाललं, तिथे परिणाम चांगला होता. यातलं काहीच फार खर्चाचं नाही. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात त्यासाठी जागा मात्र करायला हवी, कारण एकट्या वर्गशिक्षकावर हे टाकलं तर तो दमून जाईल आणि पुन्हा त्या म्हणीकडे वळेल.

आणि तुमच्या स्वतःच्या जिभेकडेही बघा, रागावू नका. वर्गातलं टोपणनाव शिक्षकांनी एकदा जरी उच्चारलं, प्रेमानं जरी उच्चारलं, तरी त्यावर शिक्का बसतो. कोणाच्या उच्चारावर, वजनावर, रंगावर तुम्ही केलेला विनोद मधल्या सुट्टीत पन्नास तोंडांनी परत केला जातो.

माझ्या बाईंनी तेव्हा काय करायला हवं होतं, असं मला कोणी विचारलं तर मी मोठं काही सांगणार नाही. हजेरीला 'हजर' म्हणायच्या ऐवजी हात वर केला तरी चालेल, असा नियम त्या सगळ्या वर्गाला लावू शकल्या असत्या. माझं नाव न घेता. त्यांना ते सुचलं नाही, कारण नाव घेताना त्या खाली बघत असत.

तेवढं उद्या करून बघाल का? नावं वाचताना प्रत्येक नावानंतर एकदा मान वर करा आणि वर्गाकडे बघा. कुठल्या नावानंतर मागे कुजबुज होते, कोण पटकन खाली बघतं, कोणाच्या शेजारची जागा आजही रिकामी आहे, तेवढं फक्त बघा. आणि मग त्या मुलाला, एकट्याला, बोलवा.

आपली,
एक जुनी विद्यार्थिनी